शब्दचर्चा : कुलीन, घरंदाज, गर्भश्रीमंत

प्रश्न : ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'चा (१८९५) पहिला अंक अभिवाचनासाठी मराठीत आणतोय. लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल काढून, तिच्या मुलीला मागणी घालणाऱ्या जॅकला फैलावर घेते, तिथे गाडी अडली आहे. त्याच्या वडिलांबद्दलच्या प्रश्नात मी 'कुलीन' घातलंय, पण विनोद पार झोपतोय. 'खानदानी' चालेल?

उत्तर : 'कुलीन' आधी काढून टाका. कूळ म्हटलं की आपल्याकडे गोत्र, कुलदैवत, जात सगळं मागोमाग येतं, आणि बाईंना त्यातलं काहीच नकोय. त्या काय विचारतात बघा : सिगारेट ओढता का, वय किती, उत्पन्न किती, ते जमिनीचं की गुंतवणुकीचं, लंडनमध्ये घर कुठे, पक्ष कुठला. आईवडिलांची चौकशी त्यानंतर! वर्षाला सात-आठ हजार पौंड, तेही बहुतेक गुंतवणुकीतून, हे ऐकून बाई खूश होतात. साहजिकच आहे. १८७०नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं आणि इंग्लंडात जमिनीचा खंड घसरला. त्यात १८९४ साली वारशाने येणाऱ्या इस्टेटींवर नवा कर बसला. जमीनदारी मिरवण्यापुरती उरली.

म्हणून तर त्या वडिलांचा प्रश्न उलटा टाकतात. जन्मजात वैभवाची भाषा व्यापाराला, आणि शिपायापासून अंमलदार होण्याची भाषा सरदारांना. मी असं करीन : "वडील गर्भश्रीमंत दुकानदारांपैकी, की सरदारकीतून कष्टाने वर आलेले?" 'गर्भश्रीमंत' इथे नेमका बसतो. 'खानदानी' घातलात तर तो सरदारांकडेच जाईल आणि उलटापालट संपली.

आणखी एक : 'घरंदाज'ही सोडू नका, फक्त पुढे वापरा. जॅक तान्हा असताना सापडला व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात, हँडबॅगेत. वर्दिंग हे आडनावसुद्धा त्याला उचलणाऱ्या गृहस्थाच्या खिशातल्या रेल्वे तिकिटावरून पडलेलं. अशा मुलाबद्दल "घरंदाज मुलगी असल्या ठिकाणी कशी द्यायची" हे बाईंच्या तोंडी फक्कड वाटेल.

प्रश्नकर्ता : 'गर्भश्रीमंत दुकानदार' उचलला! दोन शंका. मोसम संपायच्या आत आईवडिलांपैकी एक तरी हजर करा, असं त्या बजावतात. तिथे 'लग्नसराई' केलं तर? आणि तिसऱ्या अंकात बाईंचा भाचा जिच्याशी लग्न करायला निघालाय, त्या सिसिलीच्या १,३०,००० पौंडांना 'हुंडा' म्हणू का?

उत्तर : लग्नसराई नको. लंडनचा मोसम म्हणजे मेजवान्या, नाच, मुलींना दरबारात सादर करणं. लग्नं जुळायची तिथेच, पण तो लग्नांचा हंगाम नव्हे. 'मोसम'च ठेवा, नट सांभाळून घेईल.

'हुंडा' तर साफ चूक. पैसा सिसिलीचा स्वतःचा आहे, वरपक्षाने मागितलेला नाही. १८८२च्या कायद्यानंतर लग्न झालं तरी बायकोची मालमत्ता बायकोचीच राहत असे. आपल्या 'स्त्रीधना'च्या जवळ जाणारं प्रकरण, पण त्या शब्दाला मंगळसूत्र-पाटल्यांचा वास येतो. नुसतं 'तिच्या नावावर' म्हणा. आकडा ऐकताच बाईंना पोरगी एकदम देखणी दिसू लागते, हशा तिथे आहे.

आणि हो, ते पैसे 'फंडात' आहेत असं लिहू नका, प्रेक्षकांना म्युच्युअल फंड वाटेल. सरकारी रोखे म्हणा.