मदत हवी आहे: मासिकात आमच्या वाईबद्दल चुकीचं छापलंय, पत्र कसं लिहू?

नमस्कार मंडळी, एका ट्रॅव्हल मासिकात वाईवर चार पानी लेख आलाय, फोटो झकास आहेत पण मजकूर वाचून डोकंच फिरलं. ढोल्या गणपतीचं देऊळ म्हणे नाना फडणवीसांनी बांधलं, अहो ते 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलंय, नानांचा वाडा आणि घाट वाईजवळच्या मेणवली गावाला. बरं मेणवलीच्याच घाटाचा फोटो टाकून खाली लिहिलंय 'वाईचा गणपती घाट'! आणि ती पोर्तुगीज घंटा, चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर इकडे आलेली, ती पण मेणवलीलाच आहे, ह्यांनी ती सरळ गणपतीच्या देवळात टांगली. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे ती कृष्णेच्या पुराचं पाणी कापायला, ह्यांच्या मते ती नक्षी. लेखक गावात आला तरी होता का अशी शंका येते.

तर कुणी असं पत्र पाठवलंय का? संपादकांना ईमेल करावा की पोस्टाने पाठवावं? पुरावा म्हणून सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या पानांचे फोटो जोडले तर चालतील ना, की आणखी काही लागतं? सगळ्या चुका एकदम लिहू की मोठ्या दोनच? भाऊ म्हणतो चांगलं झापून काढ, पण मला भांडायचं नाहीये, पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली म्हणजे झालं. कुणाकडे मसुदा असेल तर प्लीज टाका.