गटार कागदावर पूर्ण, गल्लीत अर्धीच. माहिती अधिकाराचा अर्ज कसा टाकू?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. गाव जळगाव जिल्ह्यातलं, नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीतली गटार मारुतीच्या पारापर्यंत आली अन तिथंच थांबली, दोन पावसाळे झाले, पुढं सगळी उघडी नाली, जोराचा पाऊस आला की घाण पाणी शेजारच्या म्हाताऱ्या आजीच्या ओट्यावर चढतं, मी स्वतः खराट्यानं लोटलंय. आता ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे पंचायतींच्या कामांच्या सरकारी पोर्टलवर, पाहतो तर 15व्या वित्त आयोगाच्या निधीतून काम पूर्ण, बिलपण निघालेलं! ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणे फाईल तालुक्याला आहे. अर्ज नेला तर पोच द्यायला तयार नाहीत. मला भांडण नाही करायचं, हिशोब पाहिजे.

केळीबाग:
भो, पोच देत नाहीत ना, मंग स्पीड पोस्टानं टाक. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. अन "सगळ्या कामांची माहिती द्या" असं अजिबात लिहू नको, आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय अन साधारण 150 शब्द, तेवढ्यावरून अर्ज परत करतात. फक्त ह्या गटारीचं अंदाजपत्रक, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, बिल अन काम पूर्ण झाल्याचा दाखला माग. झेरॉक्सचे पानाला 2 रुपये. सगळं एमबीत सापडतं बघ, लांबी रुंदी खोली लिहून खाली इंजिनिअरची सही असते. आमच्याकडं पेव्हर ब्लॉकचं असंच झालं, एमबी मिळाली, चार जण टेप घेऊन रस्त्यावर उतरलो, फरक दिसला, पंधरा दिवसांत राहिलेले ब्लॉक बसले.

तापीची लेक:
दादा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर वाट बघत बसू नका. पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील टाका, ते पंचायत समितीत जातं. मुदत उलटली की माहिती फुकट द्यावी लागते, हे अपिलात आवर्जून लिहा. दुसरं अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं, आपलं नाशिक खंडपीठ. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार, पण तिथं तारीख लागता लागता माणूस थकतो, म्हणून मी तर म्हणते अर्जातच "फाईल प्रत्यक्ष बघायची आहे" हेपण लिहा. पहिल्या तासाला फी नाही.

मास्तर:
सोबत ग्रामसभेतपण विचारा. वर्षाला किमान 4 घ्याव्याच लागतात. आमच्याकडं "विषय पत्रिकेवर नाही" म्हणून बसवलं होतं, म्हणून प्रश्न आधीच लेखी द्या अन तो प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, उतरला का ते तिथंच वाचून घ्या. एकटे जाऊ नका, गल्लीतल्या बायांना सोबत न्या. नालीचा त्रास त्यांना जास्त, त्या बोलल्या की कोणी गप्प बसवू शकत नाही.

गिरणाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. आज पुतण्याला घेऊन टेप लावला, पारापर्यंत 64 मीटर भरली, फोटो काढून ठेवले. आजी म्हणे, ग्रामसभेला मी येते. अर्ज लिहून झालाय, सोमवारी पोस्टात टाकतो. एमबी हातात आली की तिथला आकडा इथं टाकीन.