तुमच्या वाढदिवसाचा वाटेकरी कोण?

वर्धारोडवाली:
काल चौकात फडणवीसांच्या वाढदिवसाचे बॅनर चढताना दिसले आणि हसूच आलं. २२ जुलै, माझीही तीच तारीख. त्यांचं साल १९७०. अजित पवारांचीही तारीख तीच, साल १९५९. लहानपणी हा दिवस फक्त माझा होता हो! बाबा ड्युटीवरून भिजत यायचे, संत्रा बर्फीचा डबा शर्टाच्या आत पोटाशी धरलेला, स्वतः ओलेचिंब आणि डबा कोरडा. आता बाबा नाहीत. तुमचं कोणासोबत जुळतं सांगा, गंमत म्हणून.

तर्रीमारके:
१२ डिसेंबर!! शरद पवार, गोपीनाथ मुंडे, रजनीकांत, युवराज सिंग. अन् मी, तीन विषय बॅक घेऊन. मेसवाल्या काकूले लिस्ट ऐकवली तर म्हणे त्यायले सांग न मग मागचं बिल भराले 😂

सदरकर:
मोबाइलवरून लिहितोय, चुका पोटात घाला. भाचीची २९ फेब्रुवारी, मोरारजी देसाईंची पण तीच. शाळेत पोरं काय म्हणून चिडवतात ते इथे लिहीत नाही.

निळीशाई:
माझी ६ डिसेंबर. आमच्याकडे त्या दिवशी केक कधीच नाही, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती आणि संध्याकाळी पप्पांसोबत दीक्षाभूमी. चॉकलेटं मी ७ ला वाटायचे, बाई विचारायच्या काल का नाही, तर गप्प उभी राहायचे. मग बुमराह, जडेजा, श्रेयस अय्यर तिघंही ६ चेच निघाले तर भाऊ म्हणे तुझी तर अख्खी टीम आहे बे. मला १९५६ आधी आठवतं, क्रिकेट नंतर. आई अजूनही ६ ला रात्री बाराला पाच मिनिटं कमी असताना खीर गरम करायला ठेवते आणि घड्याळाकडे बघत ढवळत बसते.

वर्धारोडवाली:
@निळीशाई, वाचून थांबले गं थोडी.

रिटायर्डकाका:
आमची सगळ्यांची १ जून! गुरुजींनी दाखल करताना टाकली. नर्गिसची १ जून १९२९, पण ती खरी असावी 😀 माझी खरी कोणालेच ठाऊक नाही, आई म्हणे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली होती अन् दाई गर्दीत अडकली होती. म्हणजे माह्या वाढदिवसाले अख्खं नागपूर ओरडते, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! अन् १ जूनवाला ३१ मेलेच रिटायर होते न, तर ऑफिसात एकाच दिवशी सात जणांचा सेंडऑफ. हार चारच आणले होते. फोटो काढला की उतरवून पुढच्याच्या गळ्यात. मी सहावा, माह्या हाराले झेंडूच नव्हता उरला, नुसता दोरा अन् पानं.

तर्रीमारके:
काका 🙏🙏 हार फिरवला, भारीच. यंदा मारबतीतला बडग्याचा पुतळा कशाचा हो?

रिटायर्डकाका:
खड्ड्यायचा. दुसरं काय.

गणितवाले सर:
नुसते २३ जण जमले तरी दोघांची तारीख जुळायची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. वर्गात ५० पोरं असली तर ९७ टक्के. दरवर्षी पैज लावतो, समोसा जिंकतो. यंदा हरलो.

सदरकर:
संत्रा बर्फी ओली होते का पण पावसात? आमच्याकडे फ्रिजमध्येही चिकट होते.

वर्धारोडवाली:
बटर पेपर काढू नका न. बाबा तर वरून वर्तमानपत्र गुंडाळायचे.