बाबांना चित्रपटानंतर क्राफ्ट बिअरच्या टेबलावर कसे न्यावे?

प्रश्न : लालबागचा_मुलगा

नमस्कार. आम्ही चार मित्र आणि आमच्यापैकी तिघांच्या पत्नी असे सात जण गेली सहा वर्षे महिन्यातल्या एका शनिवारी एकत्र चित्रपट पाहतो आणि त्याच दिवशी लोअर परळला एखाद्या टॅपरूममध्ये, म्हणजे नळातून थेट ग्लासात बिअर देणाऱ्या ठिकाणी, ताजी क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीत बनवलेली बिअर) घेत दोन-अडीच तास बसतो. कधी बिअर आधी, कधी चित्रपट आधी, जशी तिकिटे मिळतील तसे. नोकरी, मुले आणि लोकलचा प्रवास यांतून उरलेल्या वेळात आम्हाला एकमेकांशी निवांत बोलायला मिळते ते बहुधा याच दिवशी, म्हणून आम्ही तो सहसा चुकवत नाही.

गेल्या महिन्यात जेवताना बाबांनी अचानक विचारले, "तुम्ही दर महिन्याला परळला बसता ते कुठे? मलाही एकदा बघायचंय." बाबा ६८ वर्षांचे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते २४ वर्षांचे होते आणि साळखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, बदली कामगार होते. संपानंतर त्यांना पुन्हा साच्यावर (मागावर) उभे राहायला मिळाले नाही, आणि पुढची सगळी वर्षे त्यांनी एका छापखान्यात काढली. आम्ही ज्या ठिकाणी बसतो ते एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. ती बाबांची गिरणी नव्हे, पण तिच्या भोंग्याची वेळ त्यांना अजून पाठ आहे.

त्यांनी स्वतःहून विचारले याचा मला मनापासून आनंद झाला आहे, तरीही काही गोष्टींची चिंता वाटते. बाबा वर्षातून एक-दोनदा बाटलीतली साधी बिअर घेतात, त्यामुळे आम्ही पितो त्या कडवट बिअर त्यांना आवडतील असे वाटत नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आई मुळीच घेत नाही, पण तिलाही यायचे आहे, आणि २० वर्षांची पुतणी चित्रपटाच्या निमित्ताने येणार म्हणते. या सगळ्यांना तो दिवस आपला वाटावा, कोणी पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसून राहू नये, यासाठी नेमके काय करावे? आणि गिरणीच्या आवारातच न्यावे की दुसरीकडे कुठे जावे?

उत्तर १ : मागची_रांग

आपण क्रम ठरवलेला नाही असे लिहिले आहे, म्हणून प्रथम तेच सांगतो. चित्रपट आधी, बिअर नंतर, आणि यात कृपया तडजोड करू नका. बिअर घेतल्यावर शरीर पाणी रोखून धरत नाही, त्यामुळे मध्यंतरापर्यंत थांबणेही अवघड होते. ६८ वर्षांच्या माणसाला अंधारात पायऱ्या चढायला-उतरायला लावणे योग्य नाही. शिवाय दोन ग्लासांनंतर संथ चित्रपट अधिकच संथ वाटतो, आणि मग ज्याने तो निवडला त्याच्यावर विनाकारण राग निघतो.

दुपारी तीन-साडेतीनचा खेळ घ्या, म्हणजे सहाच्या सुमारास बाहेर पडाल, टॅपरूममध्ये गर्दी व्हायच्या आत मनासारखी जागा मिळेल आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत आई-बाबा घरी पोचतील. चित्रपट बाबांना निवडू द्या, पण "तुम्हाला जो आवडेल तो" असे मोघम विचारू नका, कारण मग वडीलधारी माणसे "तुम्हाला जो हवा तो" असेच म्हणतात. तीन नावे समोर ठेवा आणि त्यातले एक मागा.

मी गेली बावीस वर्षे चित्रपट मंडळाच्या खेळांना जातो. आमच्या गटात एक प्रथा आहे, ती आपल्याला उपयोगी पडेल असे वाटते. चित्रपटगृहातून बाहेर पडल्यापासून टेबलावर बसेपर्यंत कोणीही मत सांगत नाही, आणि टेबलावर सर्वांत लहान व्यक्ती प्रथम बोलते. ज्येष्ठांनी निकाल दिल्यावर तरुण माणसे आपले म्हणणे मऊ करून सांगतात, असा आमचा अनुभव आहे. आपली पुतणी बिअर घेणार नाही, पण तिने पहिले वाक्य बोलावे म्हणून सगळे थांबले आहेत हे तिला दिसले, तर त्या टेबलावरचे तिचे स्थान पक्के होईल.

वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली तेव्हापासून या शहराने एकत्र बसूनच चित्रपट पाहिला आहे. बाबांना त्यांचे जुने थिएटर कोणते, हे वाटेत अवश्य विचारा.

उत्तर २ : जव_आणि_हॉप्स

मी पुण्याजवळच्या एका ब्रुअरीत नऊ वर्षे काम केले आहे, म्हणून बिअरविषयी थोडे सविस्तर लिहितो. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारी छोटी ब्रुअरी, २००९ साली पुण्यात सुरू झाली, मुंबईत अशी पहिली जागा २०१३ साली लोअर परळला उघडली, आणि त्यानंतर वर्षभरात डोंबिवलीत गेटवेसारखी ब्रुअरीही उभी राहिली. म्हणजे हे सगळे अगदी अलीकडचे आहे. ज्यांनी आयुष्यभर एकाच चवीची थंडगार लागर (बाटलीत मिळणारी नेहमीची फिकी बिअर) प्यायली त्यांना या चवी परक्या वाटल्या, तर त्यात त्यांचा काहीही दोष नाही.

बाबांना कडवटपणा नको असेल तर गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करा. हेफेवायझन या जर्मन प्रकारात पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते. आंबवताना त्या विशिष्ट यीस्टमधूनच ते गंध तयार होतात. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखरच घालतात. धण्याचा वास आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतो, त्यामुळे आईंनी नुसता ग्लास हातात घेऊन वास घेतला तरी त्यांना तो ओळखता येईल. जी व्यक्ती पीत नाही तिलाही वास घेण्यात, रंग पाहण्यात आणि अंदाज बांधण्यात पूर्ण भाग घेता येतो, ही गोष्ट बहुतेक लोक विसरतात.

पूर्ण ग्लास कोणासाठीही लगेच मागवू नका. बहुतेक टॅपरूममध्ये सँपलर मिळतो, म्हणजे चार-पाच प्रकार लहान ग्लासांत एका फळीवर मांडून देतात. सात-आठ जणांत असे दोन सँपलर मागवून ग्लास फिरवले, की सगळ्यांनी तेच चाखलेले असते आणि बोलायला सामायिक विषय मिळतो. आधी फिकी आणि हलकी, मग हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) कडवट आयपीए, शेवटी काळी स्टाउट, या क्रमाने चाखा. आयपीए आधी घेतली तर तिचा कडूपणा जिभेवर राहतो आणि नंतरची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. स्टाउट फार थंड पिऊ नये. ग्लास पाच-दहा मिनिटे टेबलावर राहू दिला, की भाजलेल्या धान्याचा, कॉफीसारखा वास वर येतो.

खाण्याचेही सांगतो. गव्हाच्या बिअरबरोबर तळलेले बोंबील किंवा कोळंबी कोळीवाडा उत्तम लागते, पण तिखट पदार्थांबरोबर आयपीए टाळावी, कारण हॉप्सच्या कडवटपणाने तिखटाची आग वाढते. चित्रपटगृहातला कॅरॅमल पॉपकॉर्न खाऊन थेट चाखायला बसू नका. साध्या पाण्याने तोंड स्वच्छ करा आणि मध्ये मध्ये पाणी पीत राहा.

आता प्रमाणाविषयी, आणि हे मी आग्रहाने सांगतो. ५ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते, तर ८ टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये ३१-३२ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७-८ ग्रॅमच बाहेर टाकू शकते, म्हणजे एका मोठ्या ग्लासाला अडीच-तीन तास लागतात. क्राफ्ट बिअरची तीव्रता फळ्यावर लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय मागवू नये. बाबांच्या गोळीविषयी त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर अल्कोहोल घेतल्यास उठताना चक्कर येऊ शकते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी मुळीच नको. गाडी कोणीही नेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, की एका मोठ्या ग्लासानेही ती ओलांडली जाऊ शकते. परळहून लालबागला टॅक्सी सहज मिळते.

उत्तर ३ : सून_मुलुंडची

मी माझ्या सासूबाईंना तीन वर्षांपासून अशा टेबलावर नेते. त्या बिअर घेत नाहीत. सुरुवातीला आमच्याकडून एक चूक झाली, ती आपल्याकडून होऊ नये म्हणून लिहिते. आम्ही एकूण बिल माणशी सारखे वाटले. सासूबाईंनी लिंबूपाणी आणि दोन कटलेट घेतले होते, तरी त्यांनी मुकाट्याने इतरांइतके पैसे काढून दिले, आणि पुढचे दोन महिने "गुडघा दुखतो" म्हणून त्या आल्या नाहीत. कारण मला फार उशिरा कळले. तेव्हापासून आम्ही बसतानाच दोन बिले सांगतो, खाण्याचे वेगळे आणि बिअरचे वेगळे. खाण्याचे सगळे मिळून भरतात, बिअरचे फक्त घेणारे. चित्रपटाची तिकिटे आळीपाळीने एकेक कुटुंब काढते. पैशांची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण माणूस येणे थांबतो तो बहुधा अशाच न बोललेल्या गोष्टीमुळे.

महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे, म्हणून पुतणीला "एक घोट घे" असा आग्रह कोणीही करू नये, अगदी प्रेमाने सुद्धा. काही ठिकाणी २१ वर्षांखालील व्यक्तीला संध्याकाळी आतच घेत नाहीत, तेव्हा आधी दूरध्वनी करून विचारा. दारातून परत पाठवले जाण्याचा अपमान त्या वयात फार लागतो. शनिवार ड्राय डे नाही ना हेही पाहून ठेवा. अनंत चतुर्दशी आणि आषाढी एकादशी लक्षात राहतात, पण मतदान संपण्याआधीचे ४८ तास लोक विसरतात.

आईंसाठी केवळ शीतपेयाची बाटली मागवू नका. आलेपाक घातलेले सरबत, कोकम, ताजे लिंबू, जे काही तिथे बनवत असतील ते त्याच पद्धतीच्या ग्लासात मागवा. सर्वांचे ग्लास एकसारखे दिसले, की "तुम्ही घेत नाही का?" हा प्रश्न शेजारच्या टेबलावरूनही येत नाही.

उत्तर ४ : चाळ_क्रमांक_दोन

मीही गिरणीत होतो, आपल्या वडिलांपेक्षा पाच वर्षांनी मोठा आहे. जागेविषयी आपण जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर आपण देऊ नये. ते त्यांना विचारावे. मुलगा आपल्याला त्या आवारापासून लपवतो आहे असे त्यांना वाटले, तर ते अधिक लागेल. त्यांनी जेवताना "परळला कुठे" असे विचारले आहे. परळ काय आहे हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मी स्वतः अशा एका आवारात नातवाबरोबर गेलो होतो. पहिली दहा मिनिटे मी छताकडेच पाहत होतो, आणि नातवाने मला तेवढा वेळ दिला, काही विचारले नाही. आपणही तेवढे करावे.

लालबागचा_मुलगा (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आम्ही जाऊन आलो. आपण सांगितल्याप्रमाणे मी बाबांना सरळ विचारले, आणि ते म्हणाले, "गिरणीतच जाऊ, दुसरीकडे जायचं तर मी विचारलंच नसतं." डॉक्टरांनी एका लहान ग्लासाइतकी मुभा दिली होती. दादरला साडेतीनचा खेळ पाहिला, वाटेत कोणी मत सांगितले नाही, आणि टेबलावर पुतणी प्रथम बोलली. तिला चित्रपट मुळीच आवडला नव्हता. बाबांना फार आवडला होता. दोघांचा वाद अर्धा तास चालला, तोही इतक्या जोरात, की आई मध्ये पडली आणि शेवटाबद्दल तिने जे सांगितले ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

बाबा आत शिरल्यावर भिंतींकडे बघत उभे राहिले तेव्हा आम्ही गप्प राहिलो. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. सकाळी सातची पहिली पाळी साडेतीनला सुटायची, पगाराच्या दिवशी ते तिघे मित्र चाळीत न जाता थेट भारतमाता थिएटरला सहाच्या खेळाला जायचे, आणि कपड्यांना चिकटलेला कापूस बघून शेजारी बसणारे लोक अंग चोरायचे. हे मी आजवर कधीच ऐकले नव्हते. माझे मित्रही ग्लास खाली ठेवून ऐकत होते.

सँपलरमधली गव्हाची बिअर त्यांना आवडली. आईने वास घेऊन "केळं" असे लगेच ओळखले आणि यीस्टमुळे ते होते हे सांगितल्यावर तिने आंबोळीच्या पिठाशी त्याची तुलना केली. आयपीएचा एक घोट घेऊन बाबांनी तो ग्लास माझ्याकडे सरकवला. दोन वेगळी बिले आधीच सांगितली होती. खाण्याच्या बिलात बाबांनी स्वतःचा वाटा मोजून दिला आणि मी तो घेतला.

आता त्यांच्या त्या मित्रांपैकी एक काका हयात आहेत, ते काळाचौकीला राहतात. पुढच्या महिन्यात त्यांनाही आणायचे असे बाबांनी परस्पर ठरवून टाकले आहे. काका माळकरी आहेत, कांदा-लसूणही खात नाहीत, तेव्हा परळमध्ये त्यांना खायला काय मिळेल हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.