कुत्रीला पाकिटातलं की घरचं?

प्रश्न (भुसावळ): राणी आठ महिन्यांची, गावठी. आई कळण्याची भाकर दुधात कुस्करून घालते, मी कुत्र्यांच्या खाद्याच्या पाकिटातले दाणे. कशावर ठेवू?

उत्तर (धुळे): भाऊ, वाढत्या पिल्लाला नुसत्या भाकर-दुधावर ठेवू नका. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. वर्षाची होईस्तोवर पिल्लांसाठीचा संपूर्ण आहार लिहिलेलं पाकीटच बरं. कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण घरी जुळवणं अवघड. आणि शेवभाजीचा रस्सा, भरीत अजिबात नको! कांदा-लसणानं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, शिजवलेला असला तरी.

उत्तर (जळगाव): मी दाणे कोमट पाण्यात भिजवते, वर उकडलेलं अंडं. मे महिन्यात उरलेलं लगेच उचला, आंबतं.

प्रश्नकर्ता: ताई, अंडं रोज चालेल?

जळगाव: थोडंच, दाणे तेवढे कमी करून.