चाकरी कोणाची केली? विदर्भातील ख्रिस्ती कुटुंबांनी आपले अनुभव लिहावेत

सर्वांना जय ख्रिस्त.

उपवासकाळातल्या दुसऱ्या रविवारी वर्धा जिल्ह्यातील आमच्या लहानशा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी दहा आज्ञांपैकी पहिल्या दोन आज्ञांवर, म्हणजे दुसरे देव मानू नका आणि मूर्ती करून तिची पूजा करू नका यांवर, संदेश दिला. ते म्हणाले की या दोन आज्ञा आपल्या पणजोबांनीच आपल्यासाठी पाळून ठेवल्या आहेत, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, पुढच्या पिढ्यांत विदर्भात निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, आपल्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मूर्तीचा प्रश्न तेथेच मिटला अशी आपली समजूत आहे. परंतु नव्या करारात प्रेषित पौलाने लोभालाच मूर्तिपूजा म्हटले ते कलस्सै या नगरातील बाप्तिस्मा झालेल्या माणसांना लिहिताना, आणि योहानाच्या पहिल्या पत्राचे अगदी शेवटचे वाक्य मूर्तींपासून दूर राहण्याविषयी आहे, तेही विश्वासणाऱ्यांनाच उद्देशून. तो संदेश ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही, म्हणून हा धागा सुरू करीत आहे.

एक विनंती कळकळीने करतो. शेजाऱ्याच्या देवघराविषयी येथे एक शब्दही लिहू नये. ज्यांच्या धुऱ्याला आपला धुरा लागून आहे आणि जे आपल्या मयतीला खांदा देतात, त्यांची श्रद्धा हा येथे चर्चेचा विषय नाही. आपल्या स्वतःच्या घरात देवाच्या जागी काय येऊन बसले होते, ते कसे लक्षात आले आणि त्यानंतर प्रत्यक्षात काय केले, एवढेच लिहावे. ज्यांना नाव द्यायचे नसेल त्यांनी केवळ जिल्हा लिहिला तरी चालेल.

यवतमाळ जिल्हा, कापूस उत्पादक शेतकरी

माझी मूर्ती कापसाचा भाव ही होती. 2021 च्या हंगामातला कापूस मी दिवाळीनंतर लगेच विकून मोकळा झालो, आणि 2022 च्या सुरुवातीला भाव क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला. शेजारच्या वावरातल्या माणसाने त्या पैशांत घरावर स्लॅब टाकला. ती स्लॅब मला रोज दिसत असे. पुढच्या हंगामात मी मनाशी ठरवले की 10 हजारांच्या खाली बोंडही विकायचे नाही, आणि 32 क्विंटल कापूस घरात भरला.

आमचे घर तीन खोल्यांचे आहे. मधल्या खोलीत माझ्या आजोबांच्या काळापासून रात्री जेवणानंतर कुटुंबप्रार्थना होत आली. कापूस त्याच खोलीत छतापर्यंत लागला. पहिले काही दिवस आम्ही स्वयंपाकघरात बसून प्रार्थना केली, मग थंडी वाढली, मग मुलांच्या परीक्षा आल्या, आणि प्रार्थना कधी बंद पडली ते मला सांगता येणार नाही. दरम्यान भाव उतरत गेला. सकाळी डोळे उघडताच मी मोबाईलवर चार बाजार समित्यांचे भाव पाहत असे, आणि उपासनेत पाळक शास्त्रवाचन करीत असताना माझा अंगठा पवित्र शास्त्राखाली लपवलेल्या मोबाईलवर फिरत असे. मी प्रार्थना सोडली नव्हती, उलट पूर्वीपेक्षा अधिक करीत होतो. मात्र प्रत्येक प्रार्थनेत देवाकडे मागणे एकच होते, आणि तो भाव वाढवत नाही म्हणून मी त्याच्यावर रागावलो होतो. देव हा माझ्यासाठी एक मोठा व्यापारी झाला होता, याहून वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

उन्हाळ्यात त्या कापसामुळे लेकरांच्या अंगाला खाज सुटली. एका रात्री धाकटा खाजवून खाजवून रडत असताना पत्नी म्हणाली, “देवाची खोली तुम्ही कापसाले देऊन टाकली, आता लेकरंही त्यालेच द्या.” तिने आवाज चढवला नव्हता, आणि म्हणूनच ते मला लागले.

मी त्याच आठवड्यात माल विकला. सात हजारांच्या आसपास भाव मिळाला. माल थांबवून ठेवणे हे पाप आहे असे मी मुळीच म्हणत नाही, कारण कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात तेवढेच एक साधन असते, आणि पडत्या भावात माल उचलून नेणारा आपले दुःख वाटून घेत नाही. माझे पाप दुसरेच होते. शेवटच्या दोन वेचण्यांची मजुरी, किलोला 10 रुपयांप्रमाणे 11 हजार 400 रुपये, मी “कापूस विकला की देतो” असे सांगून सहा बायांची अडवून ठेवली होती. मी भावाची वाट पाहत होतो आणि त्या माझी. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते असे लिहिले आहे. ते वचन मी मंडळीत अनेकदा मोठ्याने वाचलेले आहे. पैसे घेऊन मी एकेकीच्या घरी गेलो. त्यांतल्या एकीने उन्हाळ्यात आपली शेळी विकली होती. त्या रात्री मधली खोली झाडून आम्ही पुन्हा बसलो, तेव्हा भावाबद्दल मागण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते, आणि बराच वेळ मला शब्दच सापडले नाहीत. माझ्या आठवणीतली ती पहिली खरी प्रार्थना आहे.

अमरावती जिल्हा, शिक्षिका

मी संडे स्कूलमध्ये 14 वर्षे शिकवले आहे, म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. माझी मुलगी हुशार आहे. दहावीनंतर तिला ‘नीट’च्या तयारीसाठी शहरातील शिकवणीला घातले. तेथे सराव परीक्षा रविवारी सकाळी असत, त्यामुळे दोन वर्षे ती उपासनेला आली नाही. त्याबद्दल मला खंत तर नव्हतीच, उलट मंडळीत कोणी विचारले की मी अभिमानाने उत्तर देत असे. ती रात्री फोन करी तेव्हा माझा पहिला प्रश्न गुणांचा असे, आणि जेवणाचा प्रश्न त्यानंतर येई, किंवा राहूनही जाई.

तिच्या सराव परीक्षांच्या निकालाचे कागद मी माझ्या पवित्र शास्त्रात ठेवत असे. प्रार्थना करताना समोर असावेत, हा हेतू होता. पहिल्या प्रयत्नात तिला प्रवेश मिळाला नाही, आणि त्यानंतरच्या रविवारी मुलांना शिकवताना मी उधळ्या पुत्राची गोष्ट काढायला शास्त्र उघडले, तर ते आपोआप स्तोत्रांमध्ये, त्या कागदांच्या जाड थप्पीपाशी उघडले. ते तेथेच उघडण्याची त्याला सवय लागली होती. मुले वाट पाहत होती. मी ते कागद बाहेर काढून बाकावर पालथे ठेवले आणि गोष्ट सांगू लागले, पण घरी आलेल्या मुलाकडे बाप धावत जातो, त्या वाक्यापाशी माझा आवाज गेला. माझी मुलगी तीन दिवसांपूर्वी सामान घेऊन घरी आली होती, आणि मी दारात उभी राहून तिला “आता पुढे काय?” असे विचारले होते.

घरी जाऊन मी तिची क्षमा मागितली. आईने मुलीची क्षमा मागणे आमच्या घरात त्यापूर्वी कधी घडले नव्हते. ती आता परिचारिका होण्याचे शिक्षण घेत आहे. ते तिने स्वतः निवडले आहे. रविवारी उपासनेला येण्याचा आग्रह मी करीत नाही, ती सुट्टीत आली की आपणहून येते.

बुलढाणा जिल्हा, वय 26

मी मंडळीत कीबोर्ड वाजवतो आणि गातो. आमच्या गीतांचे चित्रीकरण मी मोबाईलवर टाकू लागलो, आणि एका गीताला काही हजार लोकांनी पाहिल्यावर माझे मन उपासनेतून निघून त्या आकड्यांत गेले. कॅमेऱ्याचा कोन चांगला मिळावा म्हणून मी म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दोन रांगांतून उठवून मागे बसवले. हे माझ्या हातून घडले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

एका रविवारी वीज गेली. ध्वनिवर्धक, कीबोर्ड सगळे बंद पडले आणि मी काहीच न करता उभा राहिलो. तेव्हा मागच्या रांगेतून एका आजीने ना. वा. टिळकांचे एक भजन सुरू केले. हळूहळू सगळे वृद्ध त्यात मिसळले. त्यांना पुस्तक लागले नाही. मंडळीचा मुख्य गायक म्हणवणाऱ्या मला त्यातली दोन ओळींपलीकडची अक्षरेही ठाऊक नव्हती. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे मी ऐकून होतो. आपल्या अभंग-ओवीच्या चालींत त्यांनी प्रभूला गायले आणि ती गाणी शंभर वर्षे अशा आजींच्या ओठांवर टिकली, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

मी चित्रीकरण बंद केले. ते सर्वांनी बंद करावे असे नाही, परंतु मला ते पेलत नाही. दर शनिवारी संध्याकाळी मी त्या आजींकडे जातो आणि त्यांच्याकडून चाली शिकतो. आतापर्यंत 19 भजने पाठ झाली आहेत.

चंद्रपूर जिल्हा

मोबाईलवरील पैशांची रमी. चार वर्षे आणि पत्नीचे मंगळसूत्र. अशा खेळांवर 2025 मध्ये देशात बंदीचा कायदा झाला, पण माझे त्याआधीच सुटले होते, कारण मंडळीतील एक भाऊ रोज रात्री 10 वाजता माझ्या घरी येऊन माझा मोबाईल घेऊन जात असे आणि सकाळी परत आणून देत असे. हे त्याने सात महिने केले, पावसाळ्यातही. अधिक लिहिणे मला जमत नाही.

*(धागाकर्ता: आपण लिहिलेत तेवढे पुष्कळ आहे. त्या भावाला आमचा सलाम सांगावा.)*

भंडारा जिल्हा, मंडळीचे माजी वडील (मंडळीचा कारभार पाहणारे पदाधिकारी)

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, त्या दिवसाची गोष्ट माझे वडील डोळ्यांत पाणी आणून सांगत असत. त्यांचाच मुलगा असून मी मंडळीच्या आवारातील दोन खोल्यांच्या भाड्यावरून एका सहकाऱ्याशी 9 वर्षे न्यायालयात भांडलो. ते मी देवाच्या मालमत्तेसाठी करतो आहे, असे मी सर्वांना सांगत असे आणि स्वतःलाही. खरे पाहता मला ते पद, ती किल्ली आणि सभेतली ती पहिली खुर्ची हवी होती. आम्ही दोघेही प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेत होतो, एक डाव्या बाजूच्या रांगेत आणि दुसरा उजव्या.

वेदीवर अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट कर, असे प्रभू सांगतो. नव्या पाळकांनी या वचनावर एकदाही संदेश दिला नाही. त्यांनी केवळ एका रविवारी भाकरीची थाळी माझ्यापर्यंत आणली, आणि माझ्याकडे पाहत ते काही क्षण थांबले. मी हात पुढे केला नाही. पुढचे पाच महिने मी प्रभुभोजन घेतले नाही. त्यानंतर एका सकाळी मी त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो. त्याला पक्षाघात झाला होता आणि त्याला बोलता येत नव्हते. दावा मी मागे घेतला, पण त्याच्या तोंडून क्षमेचा शब्द मला कधीच ऐकता आला नाही. त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता, एवढेच माझ्याजवळ आहे.

वाशीम जिल्हा, शेतकरी महिला

वरचे सर्व अनुभव मी वाचले आणि दोन दिवस विचार करून लिहीत आहे. पैशाला मूर्ती म्हणताना जरा जपून म्हणावे, अशी माझी विनंती आहे. ज्याच्या घरी पैसाच नाही त्याला “तू धनाची चाकरी करतोस” असे म्हटले तर तो माणूस मान खाली घालून परत जातो, आणि पुन्हा मंडळीत येत नाही. माझे पती असेच परत गेले. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आत्महत्या केली. सोयाबीन दोनदा बुडाले होते आणि कर्ज किती आहे ते त्यांनी मलाही सांगितले नव्हते.

आमच्या घरातली मूर्ती पैसा नव्हती, इज्जत होती. तिच्यासाठी आम्ही नणंदेच्या लग्नात उसने काढून जेवणावळ घातली, आणि तिच्यासाठीच ते गेले असे मला वाटते. ते गेल्यावर मीही तिचीच पूजा चालू ठेवली. सावकार दारात आला की मी दार लावून आत बसत असे, आणि रविवारी स्वच्छ लुगडे नेसून “प्रभूची कृपा आहे” असे सर्वांना सांगत असे.

आमच्या मंडळीत बुधवारी बायांची प्रार्थनासभा होते. तेथे आम्ही आजारपण, परीक्षा, पाऊस यांसाठी प्रार्थना मागत असू. एका बुधवारी मी उभी राहिले आणि 2 लाख 85 हजार हा आकडा मोठ्याने बोलले. ते बोलताना माझे पाय थरथरत होते. कोणी काही म्हणाले नाही. मग मंडळीतील सर्वांत सुखी म्हणून ओळखली जाणारी एक बाई उठली आणि तिने तिच्या घरचा आकडा सांगितला. तो माझ्यापेक्षा मोठा होता.

सोमवारी तीच बाई विळा घेऊन माझ्या वावरात निंदायला आली, आणि तिच्यासोबत आणखी तिघी. आता आम्ही पाळीपाळीने एकमेकींच्या वावरात जातो, आणि सावकाराकडे बोलायला कोणी एकटी जात नाही. गेल्या बुधवारी सातव्या बाईने आपला आकडा सांगितला. तिला पाणी दिले, दार उघडेच ठेवले, आणि आम्ही गुडघे टेकले.