अवाढव्य बोटी आणि त्यांना ठेवलेली नावं : तुमचे अनुभव लिहा

माझगावची माहेरवाशीण
३१ला रात्री बारा वाजता बहिणीने खिडकीतून फोन बाहेर धरला आणि व्हॉइस नोट पाठवली. बंदरातल्या सगळ्या बोटींचे भोंगे एकदम. ती अजून माझगावातच आहे, मी बदलापूरला, इथे नुसते फटाके.
ऐकलं आणि आजी आठवली. चाळीच्या गच्चीवरून बंदर दिसायचं. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून बोटींचं बारसं तीच करायची. माल उतरवून रिकामी झालेली बोट पाण्याच्या वर येते ना, खालचा लाल रंग दिसायला लागतो, ती 'परकरवाली'. भरलेली, खाली बसलेली ती 'जेवलेली'. "आज तीन जेवलेल्या, एक परकरवाली" असा रोजचा हिशोब.
एकदा बाबांनी गोदीत नेलं. गच्चीवरून बोटभर दिसणारा तो परकर जवळून दोन मजले उंच निघाला, आणि त्याच्यावर काळी भिंत वेगळीच. वरून एका खलाशाने बादली ओतली, ते पाणी खाली पोचेपर्यंत त्याचा फवारा झाला होता. मी बाबांचा हात सोडलाच नाही.
तुमच्याकडे काय नावं होती?

उरणचो पोरगा
परकरवाली 😂😂 आजी भारी
आमच्याकडे फक्त 'डबेवाली', म्हणजे कंटेनरची बोट. न्हावाशेवा १९८९ला सुरू झालं, माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे मला वाटायचं समुद्र म्हटला की क्रेन असणारच. क्रेनला जिराफ. रात्री जिराफांना दिवे लागले की आई जेवायला हाक मारायची.

थर्ड इंजिनियर
बोटीवरूनच लिहितोय, रेंज आहे तोवर. लोक बाहेरून बघून घाबरतात, तुम्ही आत या. आमच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ९६ सेंमी. साफसफाईला आत माणूस उतरतो. आणि एवढं धूड मिनिटाला फक्त शंभरेक फेरे मारतं, त्यामुळे आवाज कानात नाही, छातीत वाजतो. घरी गेलो की पहिले चार दिवस झोप येत नाही, शांततेमुळे.
अजून एक. ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात त्या वरच्या खोलीतून, नाकासमोरचं पाणी दिसतच नाही. ५०० मीटरपर्यंत नाही दिसलं तरी नियमात बसतं. तेव्हा मच्छीमार दादांनो, आमच्या पुढून कट मारू नका रे
पुढचं नंतर, वॉच (ड्यूटी) आहे

सुगरण सरिता
२०२१च्या मार्चमध्ये माझा दीर सुएझ कालव्याच्या त्या रांगेत होता. तीनशेच्या वर बोटी खोळंबलेल्या. कालव्यात आडवी अडकलेलीचं नाव एव्हर गिव्हन, पण अंगावर कंपनीचं 'एव्हरग्रीन' एवढं मोठं रंगवलेलं की सगळे तेच म्हणायचे. सासूबाई टीव्हीसमोर बसून : "सदाहरित सुटली का गं?" ४०० मीटरची बोट, २० हजार डब्यांची, आणि हे म्हणजे मोरीत परात आडवी अडकल्यासारखं! सहा दिवसांनी सुटली तेव्हा घरात शिरा केला. त्या बोटीवरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते, त्यांच्या घरी काय झालं असेल

मिऱ्याकर
आमची तर आलेली परत गेलीच नाही. जून २०२०, निसर्ग वादळ, बसरा स्टार बोट रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर. आमच्या घरात तिचं नाव 'पाव्हणी'. कोण मुंबईहून आलं की आधी तिचं दर्शन मग जेवण.

कांदोळीचो बाब
@मिऱ्याकर तुमची कालची पोर हो. आमची गोव्यातली रिव्हर प्रिन्सेस २०००च्या जूनमध्ये येऊन रुतली ती डझनभर वर्षं तिथेच. मी तिच्यासमोर शाळा, कॉलेज, लग्न सगळं उरकलं. पर्यटक विचारायचे, ही बोट कधी सुटते?

मिऱ्याकर
😂 हरलो

अनामिका_डुलुथ
मी मिनेसोटात, लेक सुपीरियरच्या टोकाला. इथे हजार फुटी मालवाहू येतात, १०५ फूट रुंद, आणि शिरायचा कालवा ३०० फुटी. कठड्याशी उभं राहिलं की भिंत सरकत जाते डोळ्यांपुढून. उचलणारा पूल वर जातो, बोट भोंगा देते, पूलही उलट भोंगा देतो. सगळ्यात लांब पॉल ट्रेगर्था, तिला 'क्वीन ऑफ द लेक्स' म्हणतात. १९७५च्या नोव्हेंबरात २९ माणसांसह बुडाली ती एडमंड फिट्झगेराल्ड, तिला लोक अजून 'माइटी फिट्झ' म्हणतात, घरातल्या मोठ्या मुलाबद्दल बोलावं तसं.
गंमत म्हणजे इथे कितीही मोठी असली तरी जहाज म्हणत नाहीत, बोटच. आमच्या देवगडला मामा 'बोटीवर' असायचा तसंच. पहिल्या हिवाळ्यात ते ऐकून बरं वाटलं होतं.

पिंटूचे पप्पा
घारापुरीच्या लाँचमधून जाताना एका नांगरलेल्या बोटीच्या सावलीत शिरलो. भर उन्हात गार वाटलं. सीगलना वेफर्स टाकणारी पोरंपण गप्प.

सुगरण सरिता
ओले बोंबील कुठे चांगले मिळतात सध्या? भाऊच्या धक्क्यावर फार पहाटे जावं लागतं

उरणचो पोरगा
ताई करंजाला या, सकाळी

भंगारप्रेमी
सगळ्यांची आजी राहिली की. सीवाइज जायंट! तेलाची टँकर, ४५८ मीटर. इराण-इराक युद्धात १९८८ला बॉम्ब खाल्ले, दुरुस्त झाली, मग हॅपी जायंट, यारे वायकिंग, नॉक नेव्हिस अशी नावं बदलत शेवटी आपल्या गुजरातेत अलंगला तोडली. नांगर तेवढा हाँगकाँगला ठेवलाय, ३६ टनांचा.
आमच्या न्हाणीघराचा गोल आरसा मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगारबाजारातून आणलेला, कुठल्यातरी बोटीची खिडकी. काच चार बोटं जाड. दाढी करताना रोज वाटतं, पलीकडून कुणी बघतंय.

पिंटूचे पप्पा
@माहेरवाशीण बदलापूर ईस्ट का वेस्ट?

माझगावची माहेरवाशीण
वेस्ट. का हो?
आज सकाळी बहिणीला फोन केला, म्हटलं गच्चीवर जा आणि मोज. म्हणाली समोर टॉवर झालाय, दोन इमारतींच्या फटीतून एकच दिसतेय. अर्धीच.
परकरवाली आहे का विचारलं. "थांब, पुढे सरकू दे."

पिंटूचे पप्पा
आम्ही पण वेस्ट, म्हणून विचारलं. पाणी येतंय का तुमच्याकडे?